मिग-२८ : कधीच न बनलेल्या विमानाचा नमुना बांधताना

मिग-२८ या नावाचे लढाऊ विमान सोव्हिएत संघाच्या सेवेत कधीही नव्हते. १९८६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘टॉप गन’ या अमेरिकी चित्रपटात शत्रूच्या विमानांना हे नाव देण्यात आले, आणि तेव्हापासून ती काळी, अणकुचीदार नाकाची आकृती विमानप्रेमींच्या मनात घर करून आहे. मिकोयान-गुरेविच, म्हणजेच मिग, या संस्थेची १५, १७, १९, २१, २३, २५, २७, २९ आणि ३१ ही सेवेत आलेली लढाऊ विमाने पाहिली, तर त्यांचे क्रमांक विषमच आहेत, आणि त्यांपैकी २१ ते २९ ही पाचही विमाने भारतीय हवाई दलाने वापरली आहेत. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात वायुसेनानगरला आहे आणि मिग विमानांच्या मोठ्या दुरुस्तीचे काम पाहणारा ओझरचा ११ बेस रिपेअर डेपो याच कमांडच्या अखत्यारीत येतो; त्यामुळे सम क्रमांकाचे मिग म्हटले, की ‘हे कुठले?’ असे लगेच विचारणारी माणसे या शहरात पुष्कळ आहेत. त्यांना दाखवता येईल असा नमुना बांधायचा असेल, तर तो जबाबदारीने बांधायला हवा.

ज्या विमानाला अस्तित्वच नाही त्याला नियमही नाहीत, अशी एक समजूत असते. त्यामुळे काल्पनिक विमानाचा नमुना करताना कोणी त्याला वाटेल ती क्षेपणास्त्रे लावतो, कोणी वाटेल त्या देशाची चिन्हे डकवतो. मला हे पटत नाही. खऱ्या विमानासाठी आपण जुनी छायाचित्रे, मोजमापे आणि तुकडीच्या नोंदी शोधतो. चित्रपटातल्या विमानासाठी चित्रपट हाच दस्तऐवज असतो, आणि तो थांबवून, पुन्हा पुन्हा पाहता येतो. पडद्यावर दिसते ते करावे, दिसत नाही ते करू नये, आणि जिथे अंदाज करावाच लागतो तिथे तो अंदाज आहे हे स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे, या एका नियमावर पुढील सारे काम उभे आहे.

आधी कोणते मिग-२८ ते ठरवावे

कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्षात उडाली ती अमेरिकेच्या नॉर्थ्रॉप कंपनीची एफ-५ई आणि दोन आसनांची एफ-५एफ ही ‘टायगर टू’ मालिकेतील विमाने, काळ्या रंगात रंगवलेली. ही निवड केवळ सोयीची नव्हती. आकार आणि उड्डाणगुण यांत एफ-५ हे मिग-२१च्या बरेच जवळ जाते, आणि म्हणूनच अमेरिकी नौदल व हवाई दल आपल्या वैमानिकांच्या सरावात शत्रूची भूमिका करण्यासाठी ते आधीपासून वापरत होते. मिग-२१च्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, तर एफ-५ईचा ८.१३ मीटर, दोन्हीही लहान, सडपातळ आणि दुरून पटकन न दिसणारी विमाने. म्हणजे चित्रपटाने एफ-५ला मिग बनवले, त्याच्या कितीतरी आधीपासून ते विमान आकाशात मिगचीच भूमिका वठवत होते.

यातून नमुना बांधणाऱ्यासमोर दोन वाटा फुटतात. पहिली वाट चित्रीकरणातल्या विमानाची, म्हणजे काळा रंग दिलेल्या खऱ्या एफ-५ची. या वाटेने गेल्यास कॉकपिट अमेरिकी पद्धतीचे राखाडी राहील आणि उपकरणांची मांडणी किटमध्ये, म्हणजे सुट्या प्लॅस्टिक भागांच्या संचात, दिली असेल तशीच ठेवता येईल. दुसरी वाट कथेतल्या विमानाची, म्हणजे अनाम शत्रुराष्ट्राच्या सेवेतील एका मिगची. ही वाट धरणाऱ्याने कॉकपिट त्या काळच्या सोव्हिएत विमानांप्रमाणे निळसर-हिरव्या रंगाचे करावे आणि चाकांच्या मधल्या तबकड्या हिरव्या ठेवाव्यात. मिग-२१ किंवा मिग-२३ जवळून पाहिलेल्या माणसाला या दोन खुणा लगेच ओळखू येतात. दोन्ही वाटा योग्य आहेत, पण त्या एकमेकींत मिसळू नयेत. राखाडी अमेरिकी कॉकपिट आणि हिरव्या रशियन चाकांचे विमान ना चित्रीकरणातले राहते ना कथेतले.

माझा स्वतःचा कौल पहिल्या वाटेला आहे, कारण तिच्यात अंदाज कमी लागतो. पुढील मार्गदर्शनही त्याच वाटेने जाते; दुसरी वाट निवडणाऱ्याला फक्त कॉकपिट आणि चाकांचे रंग बदलावे लागतील.

शस्त्रांच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. चित्रपटाच्या शेवटच्या मोहिमेआधीच्या सूचनांमध्ये मिग-२८ हे एक्झोसेट हे जहाजविरोधी क्षेपणास्त्र वाहते असे सांगितले जाते. एक्झोसेट हे खरे फ्रेंच क्षेपणास्त्र आहे; विमानातून सोडल्या जाणाऱ्या त्याच्या आवृत्तीची लांबी सुमारे ४.७ मीटर, म्हणजे १:७२ प्रमाणात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या आकारात) साडेसहा सेंटिमीटर भरते, आणि इतर किटमधून ते मिळवणेही अशक्य नाही. तरीही ते लावू नये असे मी सांगेन. ते संवादात आहे, चित्रात नाही, आणि वीस सेंटिमीटरच्या विमानाखाली साडेसहा सेंटिमीटरचे क्षेपणास्त्र टांगले की ती सडपातळ आकृतीच हरवते.

चित्रफीत वाचण्याची रीत

किट मागवण्याआधी एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. मोबाइलच्या पडद्यावर हे काम होत नाही. शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर हवाई लढतींचे प्रसंग लावावेत आणि विमान वळताना जिथे त्याची वरची किंवा खालची बाजू क्षणभर पूर्ण उघडी पडते, तिथे चित्र थांबवावे. सरळ उड्डाणातल्या चौकटींपेक्षा वळणातल्या चौकटींत पंखांची टोके, शेपटी आणि पोट अधिक स्पष्ट मिळतात. वहीच्या पानावर नाक, पंखांची टोके, पोट, शेपटी आणि इंजिनांची तोंडे अशी नावे लिहून प्रत्येकापुढे ‘दिसते’, ‘दिसत नाही’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एकच शब्द लिहावा. पंखांच्या टोकांवरच्या क्षेपणास्त्रपट्ट्या रिकाम्या ठेवायच्या की नाही, इंजिनांच्या तोंडाभोवतीचा धातू उघडा ठेवायचा की काळा करायचा, हे प्रश्न याच पानावरून सुटतात.

दोन गोष्टींचे भान ठेवावे. एक, चित्रीकरणात एकाहून अधिक विमाने वापरली गेली आणि त्यांत एक आसनाचीही होती, दोन आसनांचीही. त्यामुळे एका चौकटीतले नाक आणि दुसऱ्या चौकटीतले कॉकपिट यांची जोडणी करू नये. दुसरे, चौकटीतून आकार आणि खुणा घ्याव्यात, रंगाची छटा मात्र घेऊ नये. चित्रपटाच्या प्रतीत ऊन, धुके आणि संस्करण यांमुळे काळा रंग कधी निळसर तर कधी तपकिरी दिसतो, आणि त्या छटेच्या मागे लागल्यास रंग कधीच ठरत नाही.

किट

एफ-५ईची लांबी १४.४५ मीटर आहे. १:७२ प्रमाणात नमुना सुमारे २० सेंटिमीटर लांब आणि सव्वाअकरा सेंटिमीटर रुंद होतो. १:४८ प्रमाणात तो ३० सेंटिमीटर लांब आणि जवळपास १७ सेंटिमीटर रुंद होतो. एफ-५एफ दुसऱ्या आसनामुळे लांब आहे, १५.६५ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये पावणेबावीस सेंटिमीटर. १:७२ मध्ये इटालेरीचे आणि १:४८ मध्ये एएफव्ही क्लबचे एफ-५ई किट उपलब्ध असते. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने १:४८ घ्यावे, कारण काळ्या पृष्ठभागावर छटांचा खेळ करायला जागा लागते. ज्याच्याकडे अशा विमानांची रांग आधीच १:७२ मध्ये उभी आहे, त्याने अर्थातच १:७२ घ्यावे.

घेताना नाकाकडे पाहावे. एफ-५ईच्या काही नंतरच्या विमानांना शार्क नोज नावाचे रुंद, चपटे नाक होते. आपल्याला साधे, गोल छेदाचे, टोकदार नाक हवे. एक आसनाच्या विमानाच्या नाकावर दोन तोफांची छिद्रे असतात, दोन आसनांच्या विमानाला एकच तोफ असते. जुन्या साच्यातले किट असल्यास पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा खोदलेल्या नसून उठावदार असतात, आणि काळ्या रंगावर त्या रेषा हातात धरताच घासल्या जाऊन पांढऱ्या पडतात. अशा किटवर रेषा नव्याने कोराव्या लागतील, हे गृहीत धरूनच ते विकत घ्यावे.

नागपुरात असे किट दुकानात मिळेलच याचा भरवसा धरू नये. बहुधा ते ऑनलाइन मागवावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पार्सल आले, तर ते दुचाकीच्या डिकीत किंवा बंद मोटारीत ठेवून बाजारहाट करत बसू नये. पॉलिस्टायरिन वितळायला जास्त उष्णता लागते हे खरे असले, तरी पंखाची पातळ कड आणि कॉकपिटवरची पारदर्शक काच यांना वाकायला उन्हात तापलेली बंद गाडी पुरेशी असते. बाकीचे सामान शहरात सहज मिळते. सीताबर्डी आणि इतवारी भागातल्या रंगांच्या व हार्डवेअरच्या दुकानांत चारशेपासून दोन हजारपर्यंतचे वॉटर पेपर (ओले करून घासायचे पॉलिश पेपर; आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक), मास्किंग टेप, पितळी नळी आणि श्वसनाचा मास्क मिळतो. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात बारीक ब्रश आणि कॅमलचे तैलरंग मिळतात. आणि अ‍ॅक्रिलिकच्या नेमप्लेट कापून देणारे कारागीर स्टँडसाठी हवा तो तुकडा कापून देतात.

नागपूरचे ऋतू आणि फवारणी

रंगकामाची बहुतेक पुस्तके थंड हवेच्या देशांत लिहिली गेली आहेत, आणि त्यांतली प्रमाणे नागपुरात जशीच्या तशी चालत नाहीत. पांढऱ्या किंवा राखाडी विमानावर ही तफावत झाकली जाते. काळ्या, मॅट (न चकाकणाऱ्या) विमानावर प्रत्येक दोष उघडा पडतो. म्हणून या विमानासाठी ऋतू पाहून काम आखावे.

उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या बारीक पिचकारीतून) निघालेला अ‍ॅक्रिलिक रंगाचा थेंब पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळू लागतो. मग रंगाचा सलग थर न बसता भुकटी बसते, आणि हात फिरवला की पृष्ठभाग खरखरीत लागतो. शिवाय एअरब्रशच्या सुईच्या टोकावर रंग वाळून मध्येच पिचकारी उडते. याला उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र करावेत: पहाटे, ऊन चढण्याआधी फवारणी करावी, हिवाळ्यात रंग आणि थिनर समप्रमाणात घेत असाल तर उन्हाळ्यात थिनर दीडपट ते दुप्पट घ्यावे, आणि रंगात वाळण्याचा वेग कमी करणाऱ्या रिटार्डरचे दोन-चार थेंब घालावेत. थिनर मात्र त्या रंगाच्याच कंपनीचे असावे. मोटारींच्या रंगकामाचे एनसी थिनर उघड्या प्लॅस्टिकला खाते, आणि ते ब्रशने लावले तर पंखाच्या रेषाच विरघळतात.

कूलर चालू असलेल्या खोलीत फवारणी करू नये. नागपूरच्या घरात उन्हाळ्यात हा सल्ला पाळणे सोपे नाही याची मला कल्पना आहे, पण वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताटीतून येणारा वारा ओलसर असतो आणि त्याबरोबर बारीक तंतूही येतात. ओल्या काळ्या रंगात अडकलेला एक पिवळसर तंतू काढायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात अर्धा पंख पुन्हा रंगवून होतो. फवारणीच्या अर्धा तास आधी कूलर बंद करावा, फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि काम संपून रंग हाताला कोरडा लागेपर्यंत तो सुरू करू नये.

पावसाळ्याची अडचण वेगळी आहे. हवेत दमटपणा जास्त असताना मॅट क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक वार्निशचा, शेवटचा थर दिला, तर त्यात ओल अडकून पांढुरका धूसरपणा येतो, आणि काळ्या विमानावर तो पिठाच्या धुळीसारखा दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये कापणे, घासणे, जोडणे, रेषा कोरणे ही कामे उरकावीत आणि शेवटचे थर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी ठेवावेत. अगदीच घाई असेल, तर एक साधा आर्द्रतामापक घ्यावा आणि काटा साठ टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच मॅट थर द्यावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ नागपुरात या कामासाठी उत्तम आहे. डिसेंबरच्या थंड सकाळी फक्त रंगाची बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावी म्हणजे तो एकसारखा फवारला जातो.

जोडणी

चित्रपटात मिग-२८ आपल्याला हवेत, लढताना दिसते. त्यामुळे नमुना चाके आत घेतलेल्या स्थितीत, स्टँडवर बांधणे हेच योग्य आहे, आणि त्याने जोडणीचा क्रम बराच बदलतो. एफ-५च्या किटमधील सूचनापत्र नाकात वजन भरायला सांगते, कारण चाकांवर उभे केल्यास नमुना शेपटीवर बसतो. स्टँडवरच्या नमुन्याला त्या वजनाची गरज नसते. उलट, पुढच्या बाजूचे वजन स्टँडच्या सांध्यावर ताण देते. ते भरूच नये. ज्यांना चाकांवरच उभे करायचे आहे, त्यांनी शिसे वापरल्यास ते फेविकॉलने चिकटवू नये, कारण पांढऱ्या गोंदात शिशावर क्षार धरून ते फुगते आणि काही वर्षांत नाकाचा सांधा आतून उकलू शकतो; त्यासाठी इपॉक्सी वापरावे, आणि शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

चाकांच्या कप्प्यांची दारे बंद करणे हे या जोडणीतले सर्वांत कष्टाचे काम आहे. किटमधली दारे उघड्या स्थितीसाठी घडवलेली असतात, त्यामुळे बंद केल्यावर ती कधी आत धसतात तर कधी कड वर राहते. कप्प्याच्या आतून अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक शीटच्या पट्ट्या चिकटवून दारांना टेकण करावी, दारे त्यावर बसवून पातळ द्रव सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद) फटीत सोडावे, दुसऱ्या दिवशी पुट्टी भरावी आणि वॉटर पेपर पाण्यात बुडवून चारशे, सहाशे, हजार अशा क्रमाने घासावे. घासून झाल्यावर दाराभोवतीची रेषा सुईने किंवा कोरणीने पुन्हा कोरावी. ती रेषा बुजली, तर पोट एखाद्या खेळण्यासारखे गुळगुळीत दिसते.

उडत्या विमानात वैमानिक हवाच. किटमध्ये नसेल तर त्याच प्रमाणाच्या दुसऱ्या किटमधला घ्यावा. पडद्यावरचे मिगचे वैमानिक काळे हेल्मेट आणि चेहरा झाकणारी गडद काच घातलेले दिसतात, आणि त्या न दिसणाऱ्या चेहऱ्यातच त्या शत्रूचा सारा दरारा आहे. हेल्मेट मॅट काळे करावे आणि डोळ्यांवरच्या काचेवर चकचकीत काळ्याचा एकच थेंब पसरू द्यावा. मॅट आणि चकाकी यांतला तेवढा फरक पुरेसा होतो. आसन आणि कॉकपिट राखाडी ठेवून उठावदार भागांवर कोरड्या ब्रशने फिकट राखाडीचा हात फिरवावा. काच बंद राहणार असल्याने याहून अधिक तपशिलावर दिवस घालवण्याचे कारण नाही.

काच चिकटवताना फेविक्विकसारखा झटपट गोंद कटाक्षाने टाळावा. त्याची वाफ काचेच्या आतल्या बाजूला पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते आणि मग ती काढता येत नाही. येथे फेविकॉलच योग्य, कारण तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकल्यास पाण्याने निघतो. शरीर आणि पंख यांचा सांधा मात्र द्रव सिमेंटनेच जोडावा. एफ-५चे शरीर पंखांपाशी कमरेसारखे आत गेलेले असते, कारण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा कमी करण्यासाठी अशा विमानांत पंखांच्या जागी शरीराचा छेद कमी केला जातो. घासताना ही कंबर सपाट होऊ देऊ नये. वॉटर पेपर बोटाभोवती गुंडाळून, वळणाच्या दिशेने घासावे.

काळा रंग

या नमुन्याचे यश किंवा अपयश इथे ठरते. निव्वळ काळा रंग देऊन काम संपवले, तर समोर विमान राहत नाही, त्याची सावली राहते: रेषा दिसत नाहीत, वळणे दिसत नाहीत, आणि मेहनतीने कोरलेला प्रत्येक तपशील बुडून जातो. याचे कारण अंतरात आहे. १:७२ प्रमाणाचा नमुना आपण तीस सेंटिमीटरवरून पाहतो, तेव्हा ते खरे विमान साडेएकवीस मीटरवरून पाहण्यासारखे असते, आणि तितक्या अंतरावर, उघड्या उजेडात, मधली हवा आणि आकाशाचे प्रतिबिंब यांमुळे मॅट काळा रंग गडद राखाडी दिसतो. म्हणून काळे विमान काळ्याने रंगवायचे नसते, काळ्याच्या जवळच्या करड्या छटांनी रंगवायचे असते.

टॅमियाच्या अ‍ॅक्रिलिक रंगांपैकी तीन यासाठी पुरतात: एक्सएफ-१ फ्लॅट ब्लॅक, एक्सएफ-६९ नाटो ब्लॅक आणि एक्सएफ-६३ जर्मन ग्रे. आधी राखाडी प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, पातळ थर द्यावा आणि दिव्याच्या तिरप्या उजेडात सांधे तपासावेत, कारण यानंतर चूक दुरुस्त करणे अवघड होते. मग साऱ्या विमानाला एक्सएफ-१ द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर एक्सएफ-६९ अधिक पातळ करून प्रत्येक दोन रेषांमधला चौकोन आतून बाहेर भरत जावे, आणि रेषांपाशी खालचा गडद काळा थोडासा उरू द्यावा. शेवटी एक्सएफ-६९ मध्ये एक्सएफ-६३चे काही थेंब मिसळून, जिथे ऊन सर्वाधिक पडेल तिथे, म्हणजे पंखांच्या वरच्या बाजूला, पाठीच्या कण्यावर आणि शेपटीच्या वरच्या टोकाला, अगदी विरळ फवारा द्यावा. पोटाला हा तिसरा थर नको. दाब सुमारे एक बार ठेवावा आणि एअरब्रश जवळ धरावा. घाईने मोठा फवारा मारल्यास तिन्ही छटा एकमेकींत मिसळून पुन्हा एकच सपाट काळा मिळतो. छटा इतक्या जवळच्या असाव्यात, की दोन हातांवरून विमान एकरंगी काळे वाटावे आणि जवळ आल्यावरच फरक कळावा. फरक दुरूनच दिसू लागला, तर नाटो ब्लॅकचा अतिशय पातळ, जवळपास पाण्यासारखा थर सगळीकडून फिरवावा. तो साऱ्यांना पुन्हा एकत्र बांधतो.

रेषा उठवण्यासाठी नेहमीचा काळा किंवा तपकिरी वॉश (रेषांत सोडायचा पातळ केलेला रंग) येथे निरुपयोगी आहे. पेन्स ग्रे आणि पांढरा हे कॅमलचे तैलरंग मिसळून मध्यम राखाडी करावा, वास नसलेल्या टर्पेंटाइनमध्ये तो पातळ करावा आणि चकचकीत क्लिअरच्या थरावरून, बारीक ब्रशच्या टोकाने फक्त रेषेत सोडावा. उरलेला रंग पंधरा-वीस मिनिटांनी कापसाच्या काडीने, हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे पुसावा. गंज, चिखल आणि रंगाचे टवके यांचा मोह नको. ही विमाने पडद्यावर निगा राखलेली दिसतात. इंजिनांच्या तोंडाभोवतीचा धातू उघडा ठेवायचा, असे वहीतल्या पानावरून ठरले असेल, तर तो भाग गडद धातूच्या रंगाने करून त्यावर तपकिरी आणि निळसर पारदर्शक रंगांचे पट्टे ओढावेत. जेटच्या उष्णतेने धातूवर अशाच छटा उमटतात.

काम चालू असताना सुती मोजे हातात घालावेत. बोटांचा तेलकट ठसा मॅट काळ्यावर उमटला, की तो नंतरच्या थरातूनही डोकावतो.

शेपटीवरचे चिन्ह

शेपटीवर लाल तारा येतो. त्याचा आकार, जागा आणि भोवतालचा रंग थांबवलेल्या चौकटीवरून मोजून घ्यावा: शेपटीची उंची चौकटीत किती आणि ताऱ्याची किती, हे पट्टीने मोजून तेच प्रमाण नमुन्याच्या शेपटीला लावावे. घरच्या किंवा दुकानातल्या प्रिंटरवर पारदर्शक डेकल कागदावर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांच्या कागदावर) छापलेला लाल रंग काळ्यावर चिकटवला, तर तो जवळपास दिसतच नाही, कारण प्रिंटर पांढरा रंग छापत नाही आणि बाकीचे रंग अर्धपारदर्शक असतात. पांढऱ्या डेकल कागदावर छापून कडा काटेकोर कापाव्यात, किंवा माझ्या मते त्याहून चांगले म्हणजे मास्किंग टेपमध्ये ताऱ्याचा आकार कापून, आधी पांढरा आणि मग हवा तो रंग फवारावा. रंगवलेल्या ताऱ्याला कड राहत नाही.

डेकल वापरणाऱ्याने चकचकीत थरावरच ते बसवावे. मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि चंदेरी चकाकी दिसते. पाणी ऊर्ध्वपातित घ्यावे, निदान आरओचे तरी. बोअरवेलच्या जड पाण्याचे थेंब वाळल्यावर मागे राहणारे पांढरे डाग काळ्या विमानावरून काढणे हे स्वतंत्र कामच होऊन बसते. डेकल पूर्ण बसल्यावर, चोवीस तास थांबून, शेवटचा मॅट क्लिअर दोन विरळ थरांत द्यावा.

स्टँड आणि निगा

एफ-५ला दोन इंजिने आणि दोन तोंडे असल्याने स्टँडची सळई एका तोंडात जाऊ शकते आणि पोट मोकळे राहते. जोडणीच्या वेळीच त्या तोंडातून आत पितळी नळीचा तुकडा इपॉक्सीने पक्का करावा आणि त्यात सरकेल अशी तीन मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक सळई घ्यावी. सळई थोडी तापवून वाकवल्यास विमान वळणात झुकलेले ठेवता येते. बैठकीची अ‍ॅक्रिलिक पट्टी जड आणि रुंद असावी, कारण वजन एका बाजूला लोंबते. पट्टीवर नाव कोरून घेताना ‘मिग-२८’ आणि त्याखाली ‘नॉर्थ्रॉप एफ-५ई’ अशी दोन्ही नावे कोरावीत, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होणार नाही.

काळ्या विमानावर धूळ लवकर दिसते, आणि ती फडक्याने पुसली तर मॅट पृष्ठभाग घासून चकचकीत पट्टे पडतात. मऊ, रुंद मेकअप ब्रशने धूळ झटकावी. शक्य असेल तर काचेचे झाकण करून घ्यावे. नमुना पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नये, आणि उन्हाळ्यात कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या भिंतीजवळच्या कपाटात ठेवावा.